थांबते, पण थांबून राहत नाही

जवळजवळ दोन वर्षं मी आमच्या गाडीचा हँडब्रेक होते. हे मी गमतीनं सांगत नाही. गाडीला हँडब्रेक नव्हता, आणि चढ-उतारावर ती उभी करायची तर कुणीतरी खाली उतरून चाकाला दगड लावावाच लागे. गाडीत माणसं बसतात दोनच. त्यातल्या एकाचा पाय ब्रेकवर. मग उरलं कोण?

गाडी म्हणजे दोन दारांची, छप्पर मागे दुमडणारी, लाल रंगाची जुनी विलायती स्पोर्ट्स कार. आमच्या लग्नापेक्षा वयानं मोठी. टेंभुर्णीजवळ एका पंपामागं ती कित्येक वर्षं पडून होती. आमच्या ह्यांना ती पंक्चर काढायला थांबलो असताना दिसली. मी चहा पीत होते. हे गाडीभोवती तीन-चार फेऱ्या मारून आले आणि बायकोला न सांगता देवाला नवस बोलून आल्यासारखा चेहरा करून बसले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्या गाडीत कोंबड्या राहत होत्या. पुढं दोन महिने आमच्या अंगणात त्या सीटमधली पिसं उडत होती.

हे टॉवेलच्या एका कारखान्यात माग दुरुस्त करण्यात आयुष्य घालवून निवृत्त झाले. हात शांत बसत नाहीत. तरी निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नातवंडांना शाळेत सोडतात, कट्ट्यावर बसून सरकारला नावं ठेवतात. ह्यांनी गाडी उघडली. इंजिन खोललं, जोडलं, परत खोललं. मागच्या चाकांचे मूळचे ब्रेक गंजून गेले होते, ते काढून टाकले आणि दुसऱ्या कुठल्याशा गाडीचे डिस्क ब्रेक बसवले. नवे ब्रेक लई भारी, हे स्वतःच स्वतःला सांगायचे. फक्त त्या नव्या ब्रेकला हँडब्रेकची तार अडकवायला जागाच नव्हती. मूळचा हँडब्रेक जुन्या ब्रेकच्या आत होता, तो जुन्या ब्रेकबरोबर भंगारात गेला.

"थांबते की नाही बघ," पहिल्यांदा मला फिरवून आणल्यावर हे म्हणाले.

"थांबते हो," मी म्हटलं. "पण थांबून राहत नाही."

गिअरमध्ये टाकून ठेवली तरी उपयोग नव्हता. जुना गिअर, जरा धक्का लागला की निसटायचा. म्हणून दगड आला. काळा, एका बाजूनं निमुळता, चांगला दोन हातांत मावेल एवढा. तो माझ्या पायाशी ठेवलेला असायचा.

आता ही गाडी किती बुटकी आहे ते बसल्याशिवाय कळायचं नाही. सीटवर बसणं म्हणजे पाटावर जेवायला बसणं. आणि माझे गुडघे असे की पाटावर बसणं मी केव्हाच सोडलं आहे. गाडी थांबली की हे ब्रेक दाबून धरायचे आणि म्हणायचे, "हं." त्या 'हं'वर मी दार उघडायचं, एक हात दाराला, एक हात सीटला लावून स्वतःला वर उचलायचं, मग वाकून पायाशी असलेला दगड काढायचा, मागं जायचं, परत वाकून चाकाला नीट टेकवायचा आणि आपणही "हं" म्हणायचं. मग हे पाय सोडणार. गाडी दगडाला जरा ढुशी देणार आणि थांबणार. निघताना हेच सगळं उलट. त्यात भर म्हणजे दगड काढल्यावर मी पळत येऊन बसायचं, कारण यांचा पाय दुखतो.

हे सगळं आमच्या गल्लीत केलं तर एक वेळ ठीक. पण एकदा भाच्याच्या लग्नाला आम्ही हीच गाडी घेऊन गेलो. मंगल कार्यालयाच्या दारात चढ. मी इरकल नेसलेली, केसांत गजरा, हातात आहेराची पिशवी. सगळं वऱ्हाड दारात उभं. हे म्हणाले, "हं." मी उतरले. पिशवी बोनेटवर ठेवली, पदर खोचला आणि दगड घेऊन मागं गेले. वरपक्षाकडचा एक जावई, ज्याला मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते, मोठ्यानं म्हणाला, "मामी, क्लीनरचं लायसन काढलंय का?" सगळे हसले. आमचे हेही हसले. ते हसले म्हणून मला सगळ्यात जास्त राग आला. जेवताना मी यांच्या शेजारी बसले नाही. जिलबी मात्र दोनदा घेतली.

माझी मागणी अगदी साधी होती. मला त्या गाडीत माणसासारखं बसायचं होतं. जाताना बसायचं आणि पोचल्यावर उतरायचं, बस. आणि हे मी रोज सांगत होते. सकाळी चहाबरोबर, रात्री गोळ्यांबरोबर. पण पालथ्या घड्यावर पाणी. कधी "पार्ट मिळत नाही गं," कधी "पावसाळा होऊ दे," कधी "आधी रेडिएटरचं बघतो." रेडिएटर झाला, मग कार्ब्युरेटर निघाला. कार्ब्युरेटर झाला, मग आरसे. पळायच्या कामाला ह्यांचा उत्साह ओसंडून वाहायचा आणि उभं राहायच्या कामाला कंटाळा. मला वाटतं, मागावर आयुष्य गेलेल्या माणसाला थांबलेलं यंत्र बघवतच नसावं.

कुणी विचारेल, एवढा वैताग होता तर जात कशाला होतीस? जात होते, कारण रविवार. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं पुणे रस्त्यानं मोहोळच्या अलीकडं एका हॉटेलपर्यंत जायचो. तिथं गरम भजी आणि चहा. जाताना हे चालवायचे, येताना हायवेपासून गल्लीच्या तोंडापर्यंत मी. शाळेत शिकवत होते तेव्हा गाडी शिकले होते मी, आणि ही लाल गाडी मला ह्यांच्यापेक्षा बरी चालवता येते. हे मी म्हणत नाही, गिअर म्हणतो. माझ्या हातात तो कधी ओरडला नाही. छप्पर उघडं, वारा तोंडावर, त्यामुळं दोघांनाही ओरडून बोलावं लागायचं. घरात आम्ही एवढं बोलत नाही. घरात हे "हूं" म्हणतात, मी "हूं" म्हणते, संपला संवाद. गाडीत मात्र शेजाऱ्यांपासून सुनेपर्यंत सगळ्यांचा हिशेब मिटायचा. माझं सगळं रविवारचं सुख त्या दोन जागांत होतं, फक्त मध्ये तो दगड होता.

घोडं कायमचं अडलं ते त्याच हॉटेलवर. हॉटेलचं अंगण उंचावर, मागं उतार आणि उताराच्या खाली हायवे. मी नेहमीसारखा दगड लावला, आत जाऊन बसले. भजी आली. पहिलं भजं तोंडात घातलं आणि बाहेर कुणीतरी ओरडलं, "ओ, गाडी निगाली! लाल गाडी निगाली!"

आम्ही धावलो. मी तर धावले म्हणजे काय, खुर्ची धरून उठले. गाडी मागं मागं चालली होती, एकटी, अगदी शांतपणे, घरी जायला निघाल्यासारखी. देवाची कृपा म्हणून उताराच्या शेवटी कडब्यानं भरलेली ट्रॉली उभी होती. गाडी तिच्यात मागून शिरली आणि थांबली. डिकीवर कडबाच कडबा. कुणाला काही झालं नाही. ट्रॉली नसती तर पुढं हायवे होता, आणि हायवेवरून ट्रक जात होते.

दगड कुठं गेला म्हणून मी शोधायला लागले. तर शेजारी पेरूची हातगाडी, आणि तिच्या चाकाला माझा दगड. त्या पेरूवाल्याला मी विचारलं, "हा दगड कुणाचा?"

"माजाच की."

"तुमचा कसा? मी आत्ता गाडीला लावून गेले होते."

"हितं पडल्याला व्हता," तो म्हणाला. "दगडावर कुणाचं नाव आसतंय व्हय, काकू? माजी गाडी बी घसरती की वो."

खरंच त्याच्या गाडीवर सगळे पेरू होते आणि तीही उतारावरच उभी होती. आमच्याकडं चाकाला दगड लावायची पद्धतच आहे. ट्रक, ट्रॉली, हातगाडी, सगळ्यांना लागतो. पण म्हणूनच तर रस्त्यातला दगड कुणाचाच नसतो. मी आतापर्यंत तो नेहमी आपला समजत आले, हीच चूक. मी तिथं, कडबा झटकत, सगळ्यांच्या देखत ह्यांना सांगितलं, "हँडब्रेक लागेपर्यंत मी या गाडीत बसणार नाही. रविवार गेला तरी चालेल."

ह्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्याच दिवशी गाडी होटगी रोडच्या मिस्त्रीकडं गेली.

आता मिस्त्री. हा माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडून तरी मोकळी झाले असते. तो हसतमुख होता, आणि त्याच्या तोंडात एकच वाक्य होतं, "हून जातंय की, काकू." काय होऊन जातंय, कधी होऊन जातंय, हे विचारायचं नाही. काम सुरू करण्याआधी दोन दिवस त्यानं आणि आमच्या ह्यांनी चहा पीत चर्चा केली. नमनालाच घडाभर तेल. शेवटी ठरलं ते असं: मागच्या दोन्ही डिस्कवर पायाच्या ब्रेकशी संबंध नसलेला एकेक छोटा चिमटा बसवायचा, त्याला तार जोडायची, आणि भंगारातल्या एका गाडीचा हँडब्रेकचा दांडा आणून त्या तारेला लावायचा. दांडा ओढला की तार ओढली जाणार, चिमटा डिस्कला धरणार. ऐकायला इतकं सोपं की मला वाटलं, आठवड्यात होईल.

मिस्त्रीनं बोलावलं म्हणून मी एका दुपारी गेले. दांडा बसला होता. चमकत होता. बसला होता तो दोन सीटच्या मध्ये, पण मधला भाग अरुंद, आणि ड्रायव्हरच्या बाजूनं जागा नाही म्हणून दोघा शहाण्यांनी तो माझ्या बाजूला सरकवलेला.

"बसून बगा की," मिस्त्री म्हणाला.

मी बसले. ह्यांनी दांडा ओढला. कट कट कट करत तो वर आला आणि थेट माझ्या उजव्या गुडघ्यावर बसला. तोच गुडघा, जो दोन वर्षं दगडासाठी वाकून वाकून कामातून गेला होता.

"अगं, तू पाय जरा तिकडं घे की," हे म्हणाले.

"तिकडं दार आहे."

"मग दार उघडून बस."

मी उतरले, रिक्षा केली आणि घरी आले. वाटेत रिक्षावाल्याला त्यातलं निम्मं सांगून टाकलं. तो बिचारा "व्हय, व्हय" म्हणत होता. ज्या माणसासाठी हँडब्रेक बसवायचा, त्याच्याच गुडघ्यावर तो बसवायचा, हे फक्त आमच्याकडंच होऊ शकतं. रात्री मी भाकरी केली, पिठलं केलं, आणि एक शब्द बोलले नाही. ह्यांनी पिठल्याला छान म्हटलं. पिठल्याला कुणी विचारलं होतं?

दांडा मग सरकवला. त्यासाठी ड्रायव्हरची सीट चार बोटं उजवीकडं घ्यावी लागली. आता हे कलंडून बसतात, ते मी मुद्दाम बघते. मग तार आखूड पडली. नवी तार आली ती लांब निघाली. दांडा पार छतापर्यंत जाईल इतका ओढला तरी गाडी आपली चालतेच आहे. मग तारेचा ताण वाढवला, तर दांडा खाली केला तरी चाक सुटेना आणि गल्लीभर जळका वास. प्रत्येक वेळी मिस्त्री म्हणायचा, "हून जातंय की." शेवटी मी त्याला म्हटलं, "होऊन जातंय हे कळलं, पण माझ्या हयातीत का?" तो इतका हसला की मलाही हसू आलं, आणि मग त्याचाही मला राग आला.

पण नवरात्राच्या आधी एकदाचा तो ब्रेक धरायला लागला. गल्लीच्या चढावर ह्यांनी गाडी उभी केली, दांडा ओढला, पाय काढला. गाडी हलली नाही. मी मागं जाऊन तिला ढकलून बघितलं. हलली नाही. मी पुढं येऊन माझ्या पायाशी ठेवलेला, पेरूवाल्याकडं राहिलेल्याच्या जागी आणलेला दुसरा दगड काढला आणि कुंपणापलीकडं टाकून दिला. तेव्हा मला जे बरं वाटलं, ते लिहून सांगता येणार नाही. मी ह्यांना म्हटलं, "खंडेनवमीला दणक्यात पूजा करू."

आणि तिथंच आमचं नशीब आडवं आलं. नशीब तरी कशाला म्हणू? आमचा उत्साह आडवा आला. पूजेला गाडी लख्ख हवी म्हणून हे ती आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरला घेऊन गेले. आमच्याकडं वॉशिंगचा एक रिवाज आहे. गाडी धुऊन झाली की खालच्या अंगाला तेलाचा फवारा मारतात, म्हणजे गंज चढत नाही आणि सगळं काळंभोर चमकतं. जीप, ट्रॅक्टर, टेम्पो, सगळ्यांना मारतात. आमच्या ह्यांनी त्या माणसाला आवर्जून सांगितलं, "खालनं बी चांगलं मारा बरं का, सणाचं हाय." आयुष्यभर यंत्राला तेल घालत आलेला माणूस. यांच्या मते तेलानं कुठल्याही यंत्राचं भलंच होतं.

खंडेनवमीला सकाळी दारात रांगोळी. गाडीला झेंडूचा हार, बोनेटवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक. नव्या दांड्याला मी स्वतः हळद-कुंकू लावलं आणि झेंडूचं एक फूल खोचलं. चारही चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी चढावर उभी, दांडा ओढलेला. हे नारळ घेऊन पुढं उभे, मी पाटावर ताम्हण ठेवून आरती लावत होते. शेजारच्या दोघी-तिघी बघायला आलेल्या. हे नारळ वर उचलतात न उचलतात, तोच चर्र असा आवाज झाला. गाडीनं मागच्या लिंबांचा आपण होऊन चुराडा केला होता. नारळ फोडायच्या आधीच. आणि ती चालली होती, सावकाश, पाठमोरी, गळ्यातल्या हारासकट.

"दगड!" हे ओरडले.

आणि मी पळाले. विचार करायच्या आधीच माझे पाय आपोआप पळाले. दगड कुठला, तो मीच फेकून दिलेला. मी ताम्हण खाली ठेवलं, पाट उचलला आणि मागच्या चाकाखाली सारला. सागवानी पाट, चौरंगाबरोबरचा. कड्डकन मधोमध फुटला, पण गाडी थांबली. मी तिथंच चाकाला धरून बसले. उठताच येईना. शेजारणींनी मला दोन्हीकडून धरून उठवलं. दोन वर्षं मी हेच करत आले होते, आणि आता पूजेच्या साडीत, सणाच्या दिवशी, पुन्हा तेच. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पाट फुटला म्हणून नाही. ह्यांनी "दगड!" म्हटलं आणि मी धावले, म्हणून.

ह्यांनी चाकाशी वाकून डिस्कवर बोट फिरवलं, वास घेतला आणि तसेच उभे राहिले. बोट काळं, तेलकट. तेलावरून चिमटा निसटला होता, ते मलाही दिसलं. मी एवढंच म्हटलं, "चांगलं मारलंय हं खालनं."

चिमट्यांच्या पट्ट्या बदलाव्या लागल्या, डिस्क पेट्रोलनं पुसून पुसून स्वच्छ करावी लागली. ते सगळं ह्यांनी स्वतः केलं, मिस्त्रीला हात लावू दिला नाही. दिवाळीच्या आधी ब्रेक परत धरायला लागला, आणि आजतागायत धरतो आहे. आता ही गोष्ट इथं संपायला हवी होती.

त्या रविवारी मी लवकर उठले. केस धुतले, ऊन होईल म्हणून स्कार्फ काढून ठेवला. चहा टाकला आणि बाहेर इंजिनचा आवाज आला. मला वाटलं, गरम करत असतील. दोन कप भरून बाहेर आले, तर गाडी गल्लीच्या टोकाला वळत होती. हे एकटेच. शेजारची सीट रिकामी.

दोन तासांनी परत आले. हातात भज्यांचा पुडा. "घे, तुझ्यासाठी," म्हणाले. "गरम आहेत अजून."

"मला का नाही नेलंत?"

"अगं, आता गरजच नाही ना. ब्रेक मस्त धरतोय. तू आराम कर की. तुझ्या गुडघ्यांसाठीच तर केलं सगळं."

चेहरा इतका प्रामाणिक होता की भांडायचीही सोय नव्हती. माणूस खोटं बोलत असला तर त्याला झोडता येतं. मी भजी खाल्ली नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही हे एकटेच गेले. जाताना शिट्टी वाजवत होते. मी खिडकीतून बघत होते आणि मला इतकं अपमानित वाटत होतं की सांगता येत नाही. दोन वर्षं मला वाटत होतं, हे मला बरोबर नेतात आणि दगड हा मध्ये आलेला त्रास आहे. आणि आता असं दिसत होतं की यांना हवा होता दगड लावणारा माणूस, आणि ब्रेक आल्याबरोबर त्या माणसाला रजा मिळाली. मीच मागून घेतलेली रजा. कुणाकडं तक्रार करणार?

तिसऱ्या रविवारी मी ह्यांच्या आधी उठले. किल्ली खुंटीवरून घेतली, पाण्याची बाटली घेतली, बहिणीसाठी केलेल्या शेंगाच्या पोळ्यांचा डबा घेतला. बहीण मंगळवेढ्याला असते. मी गाडीत बसले तेव्हा हे ब्रश हातात घेऊन बाहेर आले, तोंडात फेस.

"कुठं निघालीस?"

"मंगळवेढ्याला."

"एकटी?" हे जरा थांबले. "मी येऊ का?"

"कशाला?" मी म्हटलं. "हँडब्रेक आहे की आता."

मला वाटलं, हे भांडतील. निदान थांब म्हणतील, तोंड धुऊन येतो म्हणतील. हे म्हणाले, "बरं. हळू जा. कामतीच्या पुढं रस्ता खराब आहे." आणि आत गेले. मी चालू इंजिनवर अजून थोडा वेळ थांबले. दार परत उघडलं नाही. मग मी निघाले.

गाडी सुरेख चालली होती. दोन्ही बाजूंना काळी रानं, ज्वारी नुकती वीतभर वर आलेली, भीमेच्या पुलावर गार वारं. रस्त्यावरची पोरं हात करत होती. सगळं मनासारखं होतं आणि मी तोंड फुगवून चालवत होते. दोनदा शेजारच्या सीटकडं बघून ओरडून काहीतरी सांगायला गेले आणि तोंड मिटून घेतलं. सूनबाईंची एक ताजी गोष्ट होती, आठवडाभर राखून ठेवलेली. ती सांगायला कुणी नव्हतं.

बहिणीची गल्ली चढाची. तिच्या दारात गाडी उभी केली, दांडा ओढला, पाय काढला. गाडी जागची हलली नाही. मी उतरले नाही. उतरायची घाई कुणाला होती? तेवढ्यात फोन वाजला. ह्यांचा.

"ब्रेक धरतोय का?"

'पोचलीस का' नाही, 'त्रास झाला का' नाही. ब्रेक.

"धरतोय."

"चढावर?"

"चढावरच उभी आहे."

"किती कट वर ओढलास? चारच्या वर जाऊ देऊ नकोस, तार ताणते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अहो," मी म्हटलं, "दोन रविवार तुम्ही मला न विचारता निघून गेलात. मला ते अजिबात आवडलेलं नाही."

पलीकडून अगदी गोंधळलेला आवाज. "पण तूच म्हणत होतीस ना, त्रास होतो म्हणून..."

"त्रास उतरायचा होता," मी म्हटलं. "यायचा नव्हता."

पलीकडं घसा साफ केल्याचा आवाज आला.

"मंगळवेढ्याची एसटी आता कितीला असते गं?"

"मला काय माहीत? स्टँडवर जाऊन विचारा," मी म्हटलं. "आणि मागच्या सीटवर बसू नका, त्या रस्त्यानं कंबर जाते."